शुद्धीकरणाची पहिली रात्र

भयपटावर लेख, आणि तोही या पाक्षिकात! काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे आम्ही जाणून आहोत. ज्या प्रकाराकडे घरातील वडीलधारी मंडळी पाठ फिरवितात आणि तरुण मुले रात्री दिवा मालवून पाहतात, त्यात एका वकिलाने काय शोधावे? परंतु ४ जुलै २०१८ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचाच मुहूर्त साधून, तिकडे प्रदर्शित झालेल्या ‘द फर्स्ट पर्ज’ या चित्रपटावर काही समीक्षकांनी जो आक्षेप घेतला, तो वाचल्यावर स्वस्थ बसणे आम्हांस अशक्य झाले. आक्षेप असा की, हा चित्रपट फार उघडपणे राजकीय आहे. त्यात सूचकता नाही. जे सांगावयाचे ते तो ओरडून सांगतो. ज्याचे घर पेटले आहे त्याने सूचक बोलावे, ही अपेक्षा फक्त पलीकडच्या माडीवरून आग पाहणाराच करू शकतो!

प्रथम नावाविषयी. ‘पर्ज’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ शुद्धीकरण, मळ काढून बाहेर टाकणे. हा शब्द आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतले, आणि त्यानंतर तेथील सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दही, दूध यांच्या १०८ घागरी ओतून त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. शुद्धीकरणाची भाषा कोणी बोलू लागला की आमच्या लोकांनी एकच प्रश्न विचारावयाचा असतो: मळ कोणास म्हटले आहे? अमेरिकेतील या चित्रपटाने तोच प्रश्न विचारला आहे, आणि त्याचे उत्तरही दिले आहे.

या चित्रमालिकेची कल्पना जेम्स डीमोनाको या लेखकाची. पहिला चित्रपट २०१३ साली आला. त्यातील अमेरिकेत आर्थिक डबघाईनंतर ‘नवे संस्थापक’ म्हणविणारा एक पक्ष सत्तेवर आलेला आहे. जुन्या अमेरिकेच्या घटनाकारांचे नाव चोरून त्याने स्वतःस लावले आहे. वर्षातून एका रात्री, सायंकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत, खुनासह कोणताही गुन्हा हा गुन्हा मानला जाणार नाही, असा या राज्याचा कायदा आहे. त्या बारा तासांत पोलीस येणार नाहीत, आगीचा बंब येणार नाही, रुग्णवाहिका येणार नाही. राज्याचे म्हणणे असे की, माणसाच्या आत एक श्वापद दडलेले आहे. त्यास एक रात्र मोकळे सोडले की वर्षभर ते शांत राहते. गुन्हे घटले, बेकारी घटली, देश पुन्हा जन्मास आला!

हा सिद्धांत पहिल्या चित्रपटात जवळजवळ निरुत्तर राहिला. कथा घडते एका श्रीमंत कुटुंबाच्या घरात. घरधनी शेजाऱ्यापाजाऱ्यांस संरक्षक यंत्रणा व पोलादी पडदे विकून गबर झालेला. त्या रात्री एक बेघर कृष्णवर्णीय मनुष्य रस्त्यावर जीव वाचविण्यासाठी हाका मारीत येतो, घरातला मुलगा त्याला आत घेतो, आणि मागोमाग सुस्वभावी, सुवेष, सुशिक्षित तरुणांची टोळी दारात येऊन आपली शिकार परत मागते. त्या बेघर माणसाच्या गळ्यात सैनिकाची ओळखपट्टी आहे. देशासाठी तो लढला आहे. पण त्यास साधे नावही दिलेले नाही. प्रेक्षकाने काळजी करावयाची ती घरधन्याची. २०१४ च्या दुसऱ्या चित्रपटाने कॅमेरा रस्त्यावर नेला. तेथे एक म्हातारा आपल्या मुलीनातीच्या हाती पैसे पडावेत म्हणून स्वतःस एका धनाढ्य कुटुंबास विकतो, आणि ते कुटुंब त्यास आपल्या दिवाणखान्यात सुरक्षितपणे ठार मारते. सरकारी मालमोटारींतून येणारे मारेकरी गरिबांच्या वस्त्यांत शिरतात, हेही तेथे ओझरते दिसते. परंतु हे सारे सुरू कसे झाले, हे सांगण्याचे काम चौथ्या चित्रपटाकडे आले. तो क्रमाने चौथा असला तरी कथेने पहिला आहे. दिग्दर्शनही प्रथमच डीमोनाको यांनी स्वतः न करता जेरार्ड मॅकमरी या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाकडे सोपविले, आणि त्यामुळे कॅमेरा कोणाच्या खांद्याशी उभा आहे हे प्रथमच बदलले.

प्रयोगासाठी जागा निवडली आहे ती न्यूयॉर्क शहराच्या पाच विभागांपैकी एक, स्टेटन बेट. बेट का, हे सांगावयास नको; पूल आणि नौका बंद केल्या की कोणास बाहेर पडता येत नाही. प्रत्यक्षातील या बेटावर २०१४ च्या जुलैमध्ये एका निःशस्त्र कृष्णवर्णीय माणसाचा, सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून, पोलिसाने गळ्यास विळखा घातल्यामुळे रस्त्यावर मृत्यू झाला होता, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील ज्यूरीने त्या पोलिसावर आरोप ठेवण्यास नकार दिला होता. चित्रपटाने हे बेट सहज निवडले असेल, असे ज्यास वाटते त्याने खुशाल वाटून घ्यावे.

आता वकिलाच्या कामाचा भाग. नवे संस्थापक बेटावरील रहिवाशांस सांगतात: त्या रात्री येथेच राहा, पाच हजार डॉलर घ्या. प्रत्यक्ष भाग घ्याल, तर आणखी घ्या. भाग घेणाऱ्यांची आधी मुलाखत होते, मनात राग किती साठला आहे ते मोजले जाते, आणि डोळ्यांत अशी भिंगे बसविली जातात की तो जे पाहील ते सरकारी पडद्यावर उमटावे. कोणावर जबरदस्ती नाही! प्रत्येकाने राजीखुशीने सही केली आहे! ज्यास जावयाचे होते त्यास कोणी अडविले होते?

कोर्टात वर्षानुवर्षे हा युक्तिवाद आम्ही ऐकत आलो आहोत. गहाणखतावर अंगठा आहे, म्हणजे संमती आहे. वेठबिगाराने आगाऊ रक्कम घेतली आहे, म्हणजे तो स्वेच्छेने राबतो आहे. ज्याच्या घरात उद्याच्या भाड्याची सोय नाही, त्याच्यापुढे पाच हजारांची थैली ठेवणे आणि त्यास ‘निवड’ म्हणणे, हा कायद्याच्या भाषेतील सर्वांत जुना लबाडीचा व्यवहार आहे. १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल देताना न्यायाधीशांनी मानवी प्रयोगांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत पहिलाच नियम असा आहे की, ज्याच्यावर प्रयोग व्हावयाचा त्याची संमती खरीखुरी ऐच्छिक असली पाहिजे, आणि आपल्यावर काय गुदरणार आहे हे त्यास ठाऊक असले पाहिजे. तो खटला चालविणारे न्यायाधीश अमेरिकन होते. आणि त्याच वेळी त्यांच्याच देशात, अलाबामा राज्यातील टस्किगी येथे, सरकारी आरोग्य खाते सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांवर प्रयोग करीत होते! त्यांतील ३९९ जणांस उपदंशाचा रोग होता. त्यांस मोफत तपासणी, जेवण आणि मेल्यावर दफनाचा खर्च देऊ केला होता. रोगाचे खरे नाव मात्र सांगितले नव्हते. पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाल्यावरही त्यांस ते मिळू दिले नाही, कारण रोग शेवटपर्यंत कसा जातो हे पाहावयाचे होते. १९३२ पासून १९७२ पर्यंत, चाळीस वर्षे हे चालले. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ साली. तेव्हा पडद्यावरील पाच हजार डॉलर पाहून ‘अतिशयोक्ती’ म्हणणाऱ्यांनी दफनखर्चाचे ते आमिष एकदा आठवावे.

चित्रपटातील भोंगा वाजतो, आणि मग जे घडते त्यातच या चित्रपटाचे खरे मोल आहे. लोक रस्त्यावर येतात आणि नाचू लागतात! वाद्ये वाजतात, मद्य वाहते, कोणी दुकान फोडतो, कोणी जुने हिशेब मिटविण्याचा विचार करतो. स्केलेटर नावाचा एक व्यसनाधीन, डोके फिरलेला तरुण पहिला खून करतो. त्याच्यासारखे आणखी काही असतात. परंतु ज्या श्वापदाच्या भरवशावर सगळे राज्यशास्त्र रचले होते, ते श्वापद बहुतेकांच्या आत सापडतच नाही. खून करण्याची पूर्ण मुभा आहे, वर पैसे आहेत, आणि तरीही गरीब वस्तीतील माणूस शेजाऱ्याचा गळा कापावयास निघत नाही. प्रयोग फसला!

फसलेला प्रयोग यशस्वी कसा करावयाचा? सरकार भाडोत्री मारेकरी पाठविते. कोणी क्लू क्लक्स क्लॅनचे झगे घातलेले, कोणी नाझी थाटाच्या गणवेशात, कोणी मुखवटे चढविलेले, असे तयार सैनिक वस्त्यांत शिरतात आणि घरोघर, चर्चमध्ये आश्रयास गेलेल्यांसह, माणसे कापीत सुटतात. सकाळी आकडा जाहीर होणार आहे आणि तो मोठा असला पाहिजे. कर्जात बुडालेल्या सरकारास गरिबांचा खर्च परवडत नाही, हे कारण सरकारचा मुख्य हस्तक स्वतःच्या तोंडाने सांगतो.

पहिल्या चित्रपटाच्या मूळ कल्पनेवर या चित्रपटाने केलेली ही दुरुस्ती आम्ही फार मोठी मानतो. पाच वर्षे जगभरचे प्रेक्षक ‘कायदा उठला की माणूस पशू होतो’ ही गोष्ट मिटक्या मारीत पाहत होते. ती गोष्ट सरकारने रचलेली खोटी गोष्ट होती, असे आता त्याच लेखकाने सांगून टाकले. कायदा उठला म्हणून रक्त सांडले नाही. एका वस्तीवरून कायद्याचे छत्र काढून घेतले, आणि त्याच वेळी दुसऱ्यांच्या हाती राज्याची शस्त्रे दिली, म्हणून रक्त सांडले. या दोन विधानांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ‘दंगल उसळली’, ‘जमाव भडकला’, ‘दोन गटांत हाणामारी झाली’ ही वर्तमानपत्री वाक्ये पहिल्या विधानातून निघतात. दुसऱ्या विधानातून निघतो तो प्रश्न: त्या रात्री पोलीस कोठे होते, आणि कोणाच्या हुकमाने?

या प्रयोगाची विदुषी आहे डॉक्टर मे अपडेल, मानसशास्त्रज्ञ. मरिसा टोमे या नामवंत नटीने ही भूमिका केली आहे. पडद्यावरील चित्रे पाहता पाहता तिच्या लक्षात येते की मारणारे बेटावरचे नाहीतच. ती हे बोलून दाखविते, आणि तिलाही संपविले जाते. काही प्रेक्षकांस तिची दया आली असेल. आम्हांस येत नाही. माझे शास्त्र निर्मळ, त्याचा वापर राजकारण्यांनी वाईट केला, हा विद्वानांचा बचाव आमच्या परिचयाचा आहे. ज्या बाईने गरिबांचा राग मोजण्याची मापे तयार केली, आणि श्रीमंतांची भीती मोजण्याची एकही केली नाही, तिला आपण काय करीत आहोत हे कळत नव्हते, असे कोणी म्हणू नये.

आणि ही भाडोत्री सेनेची कल्पना काही हॉलीवूडच्या डोक्यातून निघालेली नाही. १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स गावी सशस्त्र गोऱ्यांनी न्यायालयाच्या इमारतीत आसरा घेतलेल्या कृष्णवर्णीयांवर हल्ला केला, इमारत पेटविली आणि शरण आलेल्यांनाही ठार केले. (न्यायालयाची इमारत! आमच्या व्यवसायाच्या माणसाने येथे क्षणभर थांबावे.) थोड्या जणांवर खटले चालले, तीन दोषी ठरले, आणि १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचीही शिक्षा रद्द केली. कारण काय दिले? घटनेची चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांना बांधत नाही. म्हणजे राज्याने फक्त बाजूस व्हावे. पुढचे खासगी माणसे पाहून घेतील. १९२१ साली ओक्लाहोमातील टल्सा शहरात तर राज्य बाजूसही झाले नाही. तेथे अधिकाऱ्यांनी गोऱ्या जमावातील माणसांस पोलिसांचे मदतनीस म्हणून नेमले, आणि दोन दिवसांत ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती, सुमारे ३५ चौकांचा भाग, जाळून राख केली. सुमारे दहा हजार माणसे बेघर झाली. ‘दंगल’ या शब्दाचा आधार घेऊन विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली. कोणाही गोऱ्यास शिक्षा झाली नाही. त्या वेळी बालवयात असलेल्या, शंभरी ओलांडलेल्या वाचलेल्यांनी केलेला दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या जूनमध्ये फेटाळला. नव्या संस्थापकांची ‘पहिली रात्र’ ती कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात जेथे शिक्षण घेतले ते हेच न्यूयॉर्क शहर. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर नेते डू बॉइस यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे त्यांच्या लोकांनी केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. तिकडची गाऱ्हाणी इकडे उपयोगी पडतील, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. तेव्हा अमेरिकेतील भयपटाशी आमचा काय संबंध, हा प्रश्न आमच्या लोकांनी तरी विचारू नये.

इतके म्हटल्यावर या चित्रपटाचा दोषही स्पष्ट सांगितला पाहिजे, कारण तो लहान नाही. वस्ती वाचवितो कोण? दिमित्री नावाचा मादक द्रव्यांचा व्यापारी, त्याच वस्तीच्या पोरांस विष विकून मोठा झालेला. नाया ही त्या वस्तीतील तरुणी या प्रयोगाविरुद्ध माणसे गोळा करते, निदर्शने करते, आणि दिमित्रीस त्याच्या धंद्याबद्दल तोंडावर सुनावते. तिचा भाऊ आयझाया मात्र सूडापोटी आणि पैशापोटी सरकारी भिंगे डोळ्यांत घालून बसला आहे. चित्रपटाची खरी नायिका नाया व्हावयास हवी होती. पण शेवटच्या अर्ध्या भागात लेखकाने संघटना अडगळीत टाकली आणि बनियनवर उतरलेला पिळदार बाहूंचा वीर इमारतीच्या जिन्यांवरून गोळ्या झाडीत वर पाठविला. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. आम्हीही त्या प्रसंगाचा थरार नाकारीत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क तर प्रत्येक कायदा मानतो. परंतु ज्याने वस्तीस वर्षभर पोखरले त्याच्याच हाती एका रात्रीचे तारणहारपण देणे, ही गरिबांची चेष्टा आहे. नायाने जमविलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे दाखविण्यास लेखकास वेळ नाही. सुमारे १ कोटी ३० लक्ष डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने जगभरात १३ कोटींहून अधिक मिळविले. पेटलेल्या वस्तीचा पैसा कोठे जातो, याचेही हे एक उदाहरण समजावे.

प्रदर्शनापूर्वी लावलेल्या एका भित्तिपत्रकावर नुसती लाल टोपी होती, ट्रम्प यांच्या २०१६ च्या निवडणूक प्रचारातल्यासारखी, आणि तिच्यावर चित्रपटाचे नाव. समीक्षक म्हणतात तो ओरडा हाच. आम्हांस त्या टोपीपेक्षा अधिक भय वाटते ते एका कोरड्या कायदेशीर गोष्टीचे, जिच्याकडे चित्रपटाचे लक्ष गेलेले नाही.

नवे संस्थापक जे करतात ते अमेरिकेच्या कायद्यात मुळीच बसणार नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु १९८९ साली विस्कॉन्सिनमधील विनेबॅगो काउंटीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, बापाच्या मारहाणीपासून एका लहान मुलास वाचविण्याचे घटनात्मक कर्तव्य राज्यावर नव्हते, जरी सरकारी खात्यास ती मारहाण ठाऊक होती. २००५ साली कोलोरॅडोतील कॅसल रॉक गावच्या खटल्यात याहून पुढे मजल गेली. एका बाईजवळ नवऱ्यास दूर ठेवण्याचा कोर्टाचा हुकूम होता. तिने पोलिसांस पुनःपुन्हा विनविले. पोलीस हलले नाहीत. तिच्या तीन मुली मारल्या गेल्या. न्यायालय म्हणाले, तो हुकूम बजावून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नव्हता. पोलीस न येणे हा राज्याचा अपराध ठरत नाही, हा कायदा अशा रीतीने पडद्याबाहेर आधीच उभा आहे.

त्यास एक अडसर तेवढा आहे. १९८९ च्याच निकालाच्या एका तळटीपेत न्यायालयाने नोंदविले की, नावडत्या अल्पसंख्याकांपुरतेच संरक्षण काढून घेणे हे ‘कायद्याच्या समान संरक्षणा’चा भंग ठरेल. चौदाव्या दुरुस्तीतील तेच शब्द आपल्या घटनेच्या कलम १४ मध्ये आले आहेत. म्हणजे एकट्या स्टेटन बेटावरील रात्र न्यायालयात टिकणार नाही. पण सर्व देशावरील रात्र? चित्रपटाच्या शेवटी नवे संस्थापक प्रयोग यशस्वी झाल्याचे जाहीर करून तो राष्ट्रव्यापी करण्याची भाषा बोलतात, आणि मालिकेच्या कथेप्रमाणे त्यासाठी घटनेची अठ्ठाविसावी दुरुस्तीही होते. यात त्यांच्या वकिलांचा सल्ला आम्हांस स्पष्ट ऐकू येतो. संरक्षण एकापासून काढू नका, सर्वांपासून सारखेच काढा; मग विषमतेचा आरोप कोण करील? त्यातही दहाव्या श्रेणीच्या सरकारी अधिकाऱ्यांस अभय होतेच. २०१६ च्या चित्रपटात ते काढून घेतले गेले, तेही विरोधी पक्षाच्या एका स्त्री-उमेदवाराचा काटा काढता यावा म्हणून. आणि २०२१ च्या ‘द फॉरएव्हर पर्ज’मध्ये सकाळचे सात वाजून गेले तरी मारणारे थांबावयास तयार नाहीत.

सर्वांस सारखाच नकार म्हणजे समानता, हा युक्तिवाद कोणी न्यायपीठापुढे मांडलाच, तर न्यायाधीशांनी त्या मालिकेतील दोन घरे शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या चित्रपटातील घरधन्याने विकलेले पोलादी पडदे त्याच्या आळीतील घरांवर सायंकाळी सात वाजता खाली येतात. स्टेटन बेटावरील नायाच्या इमारतीस तसे पडदे नव्हते.